थंडीत एक फेरी सुरगाण्याकडे



उन्हाळ कांद्याची लागण आटोपली, गव्हाला पाणी देऊन झाले, की एखाद्या दिवसाची सवड निघते. अशा दिवशी पहाटेच येवला सोडा. घरधनिणीलाही बरोबर घ्या. लासलगाव, पिंपळगाव करीत वणी गाठा, सप्तशृंगीच्या डोंगराला हात जोडा आणि पुढे सुरगाण्याच्या वाटेला लागा.

द्राक्षबागा मागे पडतात आणि डोंगरउतार सुरू होतात. खाचरातले भात, उतारावरची नागली-वरई केव्हाच निघालेली असते. त्या मोकळ्या रानात बोरगावच्या बाजूला मध्येच हिरवे गादीवाफे दिसतात. ती स्ट्रॉबेरी. ऑक्टोबरच्या सुमारास रोपे लावतात, वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, ठिबकने पाणी देतात. डिसेंबरपासून फळ सुरू होते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका वाफ्याशी मी थांबलो. मालक हसून म्हणाला, "साहेब, वळखलं नाही का? तुमच्याकडं कांदे लावायला यायचो की आम्ही!"

मी ओशाळलो. त्याच्या टोळीला मी कितीदा तरी बांधावर पाहिले होते, पण मजूर म्हणून. तुझे शेत कोठे, त्यात काय पिकते, हे कधी विचारले नव्हते.

इथे पाऊस आपल्या तिपटीहून जास्त. पण नार, पार या नद्या ते पाणी घेऊन पश्चिमेला निघून जातात आणि दिवाळीनंतर रान कोरडे पडते. मग घराला कुलूप लावून माणसे आपल्याकडे कामाला येतात. ज्याच्या वाफ्यापुरते पाणी टिकले, त्याचे दार हिवाळ्यात उघडे राहते, पोरांची शाळा मोडत नाही.

तेव्हा जाल तर एवढे ध्यानात ठेवा. विचारल्याशिवाय वाफ्यात पाय घालू नका. फळ नाजूक, दोन दिवसांत नासते. त्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडू नका. भाव पडल्याचे दुःख कांदेवाल्याला वेगळे सांगायला नको. आणि हौसेने रोपे आणून इकडे लावण्याची घाई करू नका. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे खारवट पाणी या पिकाला मानवत नाही.

आणायचेच असेल तर एक आणा. पुढच्या लागणीला टोळी बांधावर आली, की आधी विचारा, "काय पाव्हणं, यंदा भात-नागली कशी झाली?"