वस्ताद, जरा घड्याळ बघा!

स्पष्टच लिहितो. आपल्याकडच्या पुष्कळ तालमींत पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्यावर जीव लावणारे वस्तादच करतात. वाचून काही जणांना राग येईल, येऊ दे. पहाटे चारला उठायचं, पोरांच्या आधी आखाड्यात उतरायचं, मानधन जवळपास नाहीच... हे सगळं मान्य. त्याबद्दल पाया पडायलाही तयार आहे. पण कष्ट केले म्हणून माणूस बरोबर ठरतो, हे कुणी सांगितलं?

खाशाबा जाधवांचा हार घातलेला फोटो कितीतरी तालमींत दिसतो. १९५२, हेलसिंकी, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हेच खाशाबा १९४८ साली लंडनमध्ये सहावे आले होते. मातीतला हा पैलवान तिथे गादीवर उतरला, नवे नियम शिकला, परदेशी प्रशिक्षकाचं ऐकलं आणि चार वर्षांनी पदक आणलं. म्हणजे त्या फोटोतला माणूस बदलायला तयार होता, म्हणून तो फोटोत आहे! आपण हार घातला आणि धडा तेवढा विसरलो. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाला ऑलिंपिक पदक नाही. राज्याला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ मध्ये, तेही नेमबाजीत. स्वप्नील कुसाळे, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. कुस्तीपंढरीचाच पोरगा, पण रायफल घेतलेला.

फरक कुठे पडतो? मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती. खडाखडी करा, समोरच्याचा दम काढा, वेळच वेळ. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. खाली घेतलं की दोन गुण, तुम्ही वर्तुळाबाहेर गेलात की समोरच्याला एक, आणि नुसते अंदाज घेत उभे राहिलात तर पंच ताकीद देतात. मातीत जो संयम, तोच इथे गुन्हा. वीस मिनिटं टिकायला शिकवलेलं पोर सहा मिनिटांत हरतं आणि वस्ताद म्हणतात, "पॉइंटची कुस्ती ही काय कुस्ती आहे?" अहो, पण जगात तीच आहे!

दुसरी गोष्ट वजनाची. महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोच्या गटाला. त्यामुळे प्रत्येक पोराला फुगवायचं: दूध, तूप, थंडाई, बदाम. आता गंमत बघा. खाशाबांचा गट ५७ किलो. रवी दहिया, टोकियोचं रौप्य, ५७ किलो. अमन सेहरावत, पॅरिसचं कांस्य, ५७ किलो. आपल्या गावागावांत अशाच चणीची, चपळ पोरं आहेत, आणि आपण त्यांना तूप पाजून केसरी करायला निघालोय. पॅरिसमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरली. जिथे हिशोब ग्रॅममध्ये चालतो तिथे "खा पोरा, अंग धर" एवढ्यावर कसं भागणार?

"म्हणजे माती बंद करायची का?" असं लगेच विचारतात. कोण म्हणतंय? जत्रेचा फड राहू दे, लाल माती राहू दे. सतपाल सिंग मातीतलेच नामांकित पैलवान. पण दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये त्यांनी सुशील कुमारला गादीवर घडवलं: २००८ ला कांस्य, २०१२ ला रौप्य. रवी आणि अमनही त्याच आखाड्याचे. आपल्याकडचा राहुल आवारे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आलाच की. वय आड येत नाही, मातीही आड येत नाही. आड येतं ते "आम्हाला काय शिकवता?"

गादी महाग असते, कबूल. पण नियमांचं पुस्तक, स्टॉपवॉच आणि वजनकाटा महाग नसतो. एकेरी पटाचा व्हिडिओ पोराच्या मोबाईलवर फुकट दिसतो. तो त्याच्याबरोबर बसून बघायला फक्त थोडा कमीपणा घ्यावा लागतो.

हा अभिमान शेवटी कोण फेडतं? बाराव्या वर्षी तालमीत आलेला पोरगा. बापाने खुराकासाठी कर्ज काढलेलं असतं. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघे गेलेले, पदक नाही, खेळाडू कोट्यातली नोकरी नाही. वस्तादांना मात्र गुरुपौर्णिमेला दरवर्षी फेटा मिळतो. यंदा फेटा बांधताना एखाद्या बापाने एवढंच विचारावं: "वस्ताद, गेल्या दहा वर्षांत तुम्ही नवीन काय शिकलात?"