४८ मतं मोजलीत, मग पुढची?

४ जून २०२४ ला गोरेगावच्या नेस्कोत वायव्य मुंबईचा खासदार ठरला तो ४८ मतांनी. वायकर ४,५२,६४४, कीर्तिकर ४,५२,५९६. अंधेरी-जोगेश्वरीतल्या एकेका मताचा हिशोब लागला. पण निवडून गेलेला माणूस दिल्लीत कायद्यावर मत देतो, तेव्हा बहुतेकदा काय होतं? ‘हो’वाले ओरडतात, ‘नाही’वाले ओरडतात, अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय ओरडला, नोंद नाही.

माझं पोट डेटावर चालतं. त्याच डेटाच्या संरक्षणाचं विधेयक मागच्या लोकसभेत ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं आणि ७ तारखेला आवाजी मतदानाने मंजूर झालं. आमच्याकडे साध्या बटणाचा रंग बदलला तरी कोणी बदलला, कोणी मंजूर केला, हे लॉगमध्ये राहतं.

सभासदाने मागितलं तर मतविभाजन होतं, मान्य. पण मागावं का लागतं? ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना मतविभाजन झालं, २६९ विरुद्ध १९८ असा आकडा आलाच की!

‘व्हिपपुढे खासदाराचं चालतंय कुठे?’ असं म्हणाल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते, खरंय. मग तर नोंद हवीच. सोसायटीच्या गेटवर मत मागायला येतील तेव्हा निदान विचारता येईल: साहेब, त्या दिवशी सभागृहात होतात का, आणि कुठल्या बाजूने?