करंगळीचे शास्त्र

वर्गात कोणी करंगळी वर केली की बाकीचे फिदीफिदी हसतात आणि शिक्षक बहुधा म्हणतात, "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली!" मीही पूर्वी असेच म्हणत असे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, शरीरशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण मूत्राशयाविषयी थोडे वाचले आणि माझे मत बदलले.

मूत्राशय म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे. टाकीत पाणी चढेल तसा तळाशी दाब वाढतो. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात मात्र दोन-तीनशे मिलिलिटर मूत्र साठले तरी दाब पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतकाही होत नाही. भिंतीचे स्नायू सैल राहून पसरत जातात आणि तोंडाशी असलेली स्नायूंची कडी घट्ट राहतात. ही व्यवस्था मज्जातंतू सांभाळतात. मग दाब वाढत नाही, तर भरल्याचे कळते कसे? येथे लाप्लासचा नियम उपयोगी पडतो. दाब तोच राहिला तरी गोलाची त्रिज्या वाढली की भिंतीतला ताण वाढतो. हा ताण ओळखण्याच्या कामी पिएझो-२ नावाचे प्रथिन असते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्यांच्यात ते जन्मतःच काम करीत नाही, त्यांना भरल्याची जाणीव नीट होत नाही. त्यांतले काही जण चक्क घड्याळ पाहून लघवीला जातात!

ताणाचा निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूकडे जातो. मेंदूच्या खालच्या भागात पॉन्स नावाचे ठिकाण आहे. तेथे लघवीचे नियंत्रण करणारे केंद्र असल्याचे बॅरिंग्टन या इंग्रज शल्यविशारदाने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. पण या केंद्रावरही वरिष्ठ आहेच. कपाळामागचा मोठ्या मेंदूचा भाग 'आत्ता नको' म्हणतो, तोवर केंद्र गप्प बसते. परवानगी मिळाली की पॉन्सकडून हुकूम सुटतो आणि भिंत आवळते, त्याच वेळी कडी सैल होतात. मज्जारज्जूला इजा झाली तर हा मेळ बिघडतो. भिंत आणि कडे एकदमच आवळतात, आतला दाब वाढतो आणि मूत्रपिंडांना धोका पोचतो.

तेव्हा करंगळी वर करणारा मुलगा बेशिस्त नसतो. त्याच्या मेंदूने बराच वेळ 'नको' म्हणून झालेले असते. तान्ह्या बाळाला हे जमत नाही. ते शिकण्यात आपण दोन-चार वर्षे घालवलेली असतात.

आता खरी गोष्ट सांगतो. माझ्या भाचीची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते. कारण विचारले तर म्हणाली, "मामा, प्यायले की जावे लागते, आणि तिथे जाववत नाही." मी हिशेब मांडला. दिवसाला दीड लिटर मूत्र धरले तर मिनिटाला सुमारे १ मिलिलिटर होते. साडेदहाला घर सोडून सहाला परतायचे म्हणजे ४५० मिनिटे, म्हणजेच ४५० मिलिलिटर. दहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची धारणा ढोबळमानाने ३६० मिलिलिटर मानतात. गणित जमत नाही, म्हणून पोरगी पाणीच पीत नाही. पाणी कमी आणि साठवण जास्त वेळ, ही जंतूंना आयतीच सोय.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे कडू वाटेल. पण शिस्तीच्या तक्त्याशेजारी स्वच्छतागृहाच्या कडीचा, पाण्याचा आणि दिव्याचा हिशेबही लावायला हवा. एखादा पोरगा खोटी करंगळी दाखवून बाहेर हुंदडून येईल, हे मला ठाऊक आहे. लहानपणी मीही ते केले आहे! त्याच्यापायी खऱ्या करंगळ्या खाली बसवणे मला पटत नाही.

माझ्या प्रयोगशाळेत आता कोणी विचारीत नाही. ज्याला जायचे तो उठतो, जाऊन येतो आणि पुढची नोंद घेतो. त्यामुळे कोणाच्या लंबकाची आंदोलने मोजायची राहिली, असे अजून तरी झालेले नाही.