नाव काढले, तरी माणूस ओळखू येतो

गेल्या महिन्यात एक मध्यमवयीन बाई समुपदेशनासाठी आल्या. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, ‘‘मॅडम, मी इथं जे बोलणार, ते तुम्ही त्या एआयला सांगत नाहीसा न्हवं?’’ कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने त्यांना सावध करून पाठवले होते. मी पटकन म्हणाले, ‘‘नाही हो. इथली गोष्ट इथेच राहते.’’ त्या बसल्या, तासभर बोलल्या, थोड्या हलक्या होऊन गेल्या. मी मात्र संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. कारण माझे उत्तर पूर्ण खरे नव्हते.

त्या आधी पंधरा दिवसांपूर्वी एका कुटुंबाबाबत मला धारवाडच्या डॉक्टरांना पत्र द्यायचे होते. आपल्या सीमाभागातली ही नेहमीची अडचण. माणूस आपले दुःख मराठीत सांगतो, दवाखान्यात कन्नड चालते आणि कागद लागतो इंग्रजीत. माझे इंग्रजी कामापुरते. म्हणून सगळी हकीकत एआयपुढे टाईप केली आणि पत्र तयार करून घेतले. नावे अर्थातच काढली होती. पत्र छान झाले, मी ते पाठवलेही.

त्या बाई येऊन गेल्यावर रात्री मी तो मजकूर पुन्हा उघडला आणि पोटात गोळा आला. बाजारातले दुकान, तेही कोणत्या मालाचे. दोन भावांची रखडलेली वाटणी. धाकट्याच्या बायकोचे माहेर. थोरल्याला कोणत्या दिवाळीत इस्पितळात न्यावे लागले ते. नाव कुठेही नव्हते, पण शहापूर-वडगावातल्या कोणालाही तो कागद दिला असता तर दुसऱ्या ओळीलाच त्याने घर दाखवले असते. (वाचकहो, हे तपशील मी इथेही मुद्दाम बदलले आहेत.)

मुंबईसारख्या शहरात नाव काढले की माणूस गर्दीत मिसळतो. बेळगाव, निपाणी, खानापुरात तसे होत नाही. आपल्याकडे ओळख नावाने पटतच नाही. ‘कुणाचा कोण, कुठल्या गल्लीतला, सासर कुठले’ यावरून पटते. आणि नेमक्या याच गोष्टी समुपदेशनाच्या टिपणात ठासून भरलेल्या असतात. त्या काढल्या तर टिपणात काही उरत नाही. ठेवल्या तर गुपित उरत नाही.

कोणी म्हणेल, पण वाचतो कोण? मशीनच ना? इथेच आपली फसगत होते. आपण टाईप केलेला मजकूर आपल्या फोनमध्ये राहत नाही. तो कंपनीच्या, बहुधा परदेशातल्या, संगणकावर जातो. तिथे तो किती दिवस ठेवायचा, पुढची आवृत्ती शिकवायला वापरायचा की नाही, हे त्या कंपनीच्या अटींवर आणि आपण निवडलेल्या सेटिंगवर ठरते. त्या अटी आपल्यापैकी किती जण वाचतात? बरे, पुसून टाकले म्हणजे पुसले गेले असेही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत एका वर्तमानपत्राने केलेल्या दाव्यात न्यायालयाने ओपनएआय कंपनीला काही महिने संभाषणांच्या नोंदी जपून ठेवायला लावल्या होत्या. वापरणाऱ्यांनी पुसलेली संभाषणेही त्यात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच एका मुलाखतीत कबूल केले की डॉक्टर, वकील किंवा थेरपिस्ट यांच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण मिळते, ते चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही.

मनातले बोलणे चोरीला गेले तर काय होते, हे फिनलंडने पाहिले आहे. तिथे व्हास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. तिच्या संगणकावरच्या नोंदी नीट सुरक्षित नव्हत्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उघड झाले की सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती चोराच्या हाती लागली आहे. त्याने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि नंतर थेट रुग्णांना ई-मेल पाठवले. सुमारे दोनशे युरो द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला जे सांगितले ते जगजाहीर करतो! पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. २०२४ मध्ये आरोपीला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली. यात एआयचा काही संबंध नव्हता, हे खरे. पण मनाच्या नोंदी एकदा दुसऱ्याच्या संगणकावर गेल्या की त्या परत गोळा करता येत नाहीत, हे त्यातून कळते.

आपला कायदा याबाबत मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या वेळीच त्याला अपवाद आहे. पुढच्या कलमात संगणकावर साठवलेली माहितीही या हक्कात धरली आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली हवी, ती मागे घेता यायला हवी. शिवाय संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीतही आणि कन्नडमध्येही! सीमाभागातल्या माणसाने हे लक्षात ठेवावे.

मग एआय वापरूच नये का? तसे मी म्हणणार नाही. झोप न लागणाऱ्या माणसाला कोणते व्यायाम सांगावेत, किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक कसे लिहावे, हे विचारायला काहीच हरकत नाही. तिथे विषय असतो, माणूस नसतो. पत्राचा नुसता सांगाडा इंग्रजीत करून घ्यावा आणि तपशील स्वतःच्या हाताने भरावेत. मोडके इंग्रजी चालेल. बोलणे रेकॉर्ड करून त्याचे आपोआप टिपण काढणारी साधने मात्र समोरच्याच्या लेखी संमतीशिवाय खोलीत आणूच नयेत. ‘नाही’ म्हटले तर उपचारात काही कमी होणार नाही, हेही तोंडाने सांगावे.

आणि तुम्ही समुपदेशकाकडे जाणार असाल तर संकोच न करता विचारा : माझे बोलणे रेकॉर्ड होते का? टिपण कुठे ठेवता? ते एआयमध्ये घालता का? मी येणे बंद केल्यावर त्याचे काय करता? हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याला राग येईल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी विचार करावा.

मी ते संभाषण पुसले. पुसल्याने किती पुसले गेले, कोण जाणे. मग त्या दोन भावांना बोलावून झालेली चूक सांगितली. धाकटे काही बोलले नाहीत. थोरले बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, ही गोष्ट आम्ही सख्ख्या बहिणीलासुद्धा कळू दिली नव्हती.’’ त्यावर मला उत्तर नव्हते. ते पुन्हा येतील की नाही, मला माहीत नाही.

त्या बाई ठरल्या वारी परत आल्या. त्यांनाही मी खरे ते सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘माझं लिवलासा काय त्यात?’’ म्हटले, ‘‘नाही. तुमचं एक अक्षरही नाही.’’ त्यांनी टेबलावरच्या माझ्या वहीकडे बोट दाखवले. ‘‘मग माझं ह्यातच लिवा. आणि कपाटाला कुलूप घाला.’’

कपाटाला कुलूप होतेच. किल्ली मात्र इतके दिवस त्यालाच लटकत असायची. आता ती पर्समध्ये असते.