जुळला नाही म्हणजे बिघडला?

ज्याचा मेंदू इतरांशी जुळत नाही त्याच्यात बिघाड आहे, हे आधीच धरून चालायचं आणि मग महागड्या यंत्रातून तेच सिद्ध करून दाखवायचं, याला मी विज्ञान म्हणणार नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्याच्यासारख्यांच्या मेंदूवरचं संशोधन मी आशेने वाचायला घेते आणि बहुतेक वेळा संतापून खाली ठेवते.

सिनेमा दाखवून मेंदू एकमेकांशी जुळतात का, हे बघायची पद्धत मुळात चांगली आहे. 2004 साली उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा सिनेमा अर्धा तास दाखवला. नुसतं बघायचं, बाकी काही करायचं नाही. तरी पाचही जणांच्या मेंदूच्या बऱ्याच भागांतले चढउतार एकमेकांशी जुळले. त्याआधी अशा प्रयोगांत लुकलुकणारे चौकट-पट नाहीतर क्षणभर दिसणारे स्थिर चेहरे दाखवत. असं जग कुणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय सिनेमा चालू असला की मुलं यंत्रात कमी हलतात. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. हीच मोजपट्टी ऑटिस्टिक माणसांना लावली गेली. 2009 साली हॅसन यांच्याच गटाला दिसलं की या ऑटिस्टिक माणसांतल्या प्रत्येकाचा मेंदू आपापल्या वाटेने चालतो. ही खरं तर कुतूहल वाटावं अशी गोष्ट. पण 2013 साली फिनलंडमधून आलेल्या निबंधाचं नावच असं, की यांचे मेंदू इतरांशी जुळत नाहीत. हे 'इतर' म्हणजे प्रमाण माणसं, असं ठरवलं कुणी? 2015 साली लिसा बर्ज आणि सहकाऱ्यांनी 'द ऑफिस' मालिकेचा एक भाग दाखवून हेच तपासलं. गटांत फरक निघाला, पण तो आला मोजक्याच ऑटिस्टिक व्यक्तींमुळे. बाकीचे इतरांपासून वेगळे काढता येत नव्हते. ठळक अक्षरांत छापायला हवं ते हे. सरासरीच्या एका आकड्याखाली सगळ्यांना दडपून टाकणं हा अन्याय आहे.

आणि बघायला काय देतात? 2002 साली अ‍ॅमी क्लिन यांच्या गटाने 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ' दाखवून नजरेचा माग काढला. एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून ते कुणी काढलं, असं विचारतं. सर्वसाधारण प्रेक्षकाची नजर बोटामागोमाग थेट त्या चित्रावर जाते. ऑटिस्टिक प्रेक्षकाची नजर बोटामागे गेली नाही. प्रश्न कानावर पडल्यावर ती एकामागून एक चित्रं धुंडाळत राहिली. याची नोंद झाली 'उणीव' म्हणून. मला त्यात शब्दांचा हात धरून अर्थ शोधणारा माणूस दिसतो. त्याला उशीर झाला, पण शोधणं त्याने सोडलं नव्हतं.

माझ्या मुलाचंच सांगते. सिनेमात प्लॅटफॉर्मवर ताटातुटीचा प्रसंग चालला होता, घरातले सगळे डोळे पुसत होते. हा म्हणाला, "पाटी भायखळ्याची आहे आणि इंडिकेटरवर बोरिवली लागलंय. चूक आहे." खरंच चूक होती. ती मुलगी का रडतेय, असं मी विचारल्यावर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तो परत येणार नाही, हे तिला कळलंय." त्या क्षणी याचा मेंदू आमच्या मेंदूंशी जुळला नसता. पण याला प्रसंग कळला नाही, असं कुणी म्हणून दाखवावं!

2012 साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं न समजणं दुतर्फा असतं. 2020 साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांना आढळलं की ऑटिस्टिक माणसं साखळीने एकमेकांना गोष्ट सांगतात तेव्हा ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पुढे पोचते. मग यांचे मेंदू आपसांत कधी जुळतात, कोणता सिनेमा बघताना जुळतात, हे आधी का विचारलं जात नाही?

यंत्रात जातं कोण, तेही बघा. 2016 साली ऑटिझमच्या नियतकालिकांत आलेल्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा त्यांतल्या 94 टक्के ऑटिस्टिक सहभागींना बौद्धिक अक्षमता नव्हती. जी मुलं बोलत नाहीत, मिक्सर लावला तरी कान झाकतात, ती त्या कर्कश बोगद्यापर्यंत पोचतच नाहीत. निष्कर्ष मात्र त्यांच्याही माथी मारले जातात. आपल्याकडे तर अशा रंगीत मेंदूंची चित्रं भिंतीवर लावून घाबरलेल्या आईबापांना थेरपीचे तास विकले जातात.

संशोधकांना माझं सांगणं आहे: सिनेमा ऑटिस्टिक माणसांना निवडू द्या, बघून झाल्यावर काय दिसलं ते विचारा, जो बोलत नाही त्याला चित्रांनी किंवा टाइप करून सांगू द्या. आणि आईबापांनो, "तुमच्या मुलाचा मेंदू जुळत नाही" असं कुणी सांगितलं, तर मान खाली घालू नका. कोणाशी जुळत नाही आणि काय बघताना, हे त्यांना विचारा.