प्रेरणा की पळवापळव?

घरांच्या अंतर्भागाची सजावट करून देणाऱ्या मंडळींना अलीकडे 'प्रेरणा' या शब्दाचे फार वेड लागले आहे. पूर्वी गवंडी बांधी, मेस्त घडवी, रंगारी रंगवी. आता सजावटकाराला स्फुरते. आमच्यासमोर अशाच एका सजावटकाराच्या कामांची सचित्र पुस्तिका आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; अशा चार पुस्तिका मागवल्या तर चारही एकाच साच्यातून निघालेल्या दिसतील. कागद गुळगुळीत, छायाचित्रे देखणी, आणि प्रत्येक चित्राखाली ग्वाही, की ही रचना 'नित्याच्या जीवनातून' सुचली आहे. एका जुन्या गोमंतकीय घराचे नक्षीदार दार उताणे पाडून त्यावर काच ठेवली आहे. ते जेवणाचे टेबल झाले. लाकडी खांब मधोमध कापून त्याचे दोन दिवे केले आहेत. आदोळी भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. रगडो बागेत पाण्याने भरून ठेवला असून त्यात कमळ सोडले आहे. आणि एका हॉटेलाच्या दिवाणखान्यात तुळशीवृंदावन आहे. त्यात लावले आहे निवडुंग!

ते निवडुंग पाहून आमचा तोल थोडा सुटला, हे कबूल. तथापि केवळ धार्मिक भावना दुखावली म्हणून आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचा आक्षेप 'प्रेरणा' या शब्दाच्या वापराला आहे.

नित्याच्या वस्तूकडून काय शिकावे, याविषयी आपल्या देशात झालेले अत्यंत शहाणपणाचे लिखाण एका परदेशी दांपत्याचे आहे. अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स यांना भारत सरकारने पाचारण केले. देशात हिंडून त्यांनी १९५८ साली आपला अहवाल सादर केला, आणि त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांनी सर्वाधिक मान दिला तो लोट्याला, म्हणजे आपल्या घरोघरच्या तांब्याला. पण तांब्याचे चित्र भिंतीवर लावा, असे त्यांनी कोठेही सुचवले नाही. त्यांनी प्रश्नांची रास ओतली. एका खेपेस किती पाणी आणावयाचे? नेणारा हात पुरुषाचा की बाईचा, मोठा की लहान? भांडे डोक्यावर जाणार, की कडेवर? रिकामे असताना तोल कोठे, भरल्यावर कोठे? धार कशी पडेल? आत हात घालून घासता येईल काय? आणि जुने झाल्यावर मोडीत घातले तर काय येईल? पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी या प्रश्नांना जे उत्तर दिले, त्या उत्तराचा आकार म्हणजे तांब्या. ज्याला प्रेरणा हवी असेल त्याने हे प्रश्न उचलावेत. आपले सजावटकार नेमके प्रश्न टाकून देतात आणि तेवढा आकार खिशात घालतात.

शिंपल्यांच्या खिडक्यांचेच पाहा. काच दुर्मिळ आणि महाग होती त्या काळात गोव्यातील घरांनी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवल्या. दुपारचे रखरखीत ऊन त्यांतून गाळून येते, ते दुधासारखे मऊ होऊन. बाहेरच्याला आतले दिसत नाही. आतल्याला दिवा लावावा लागत नाही. उन्हाशी इतका समजूतदार तह दुसऱ्या कोणत्या तावदानाने केला असेल, असे आम्हांस वाटत नाही. आता पुस्तिकेतील चित्र बघा. तेच तावदान आहे, पण पाठीशी प्लायवुडची फळी आणि मधल्या पोकळीत विजेचा दिवा! जी खिडकी दिवा वाचवण्यासाठी जन्मली तिच्या पोटात दिवा कोंबला, आणि खाली लिहिले 'गोव्याच्या प्रकाशाला वंदन'.

यात आणखी एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. ही शिंपली आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. चिखलीच्या खाडीत तिची वस्ती अजून आहे, पण ती उपसण्यास बंदी आहे. मग नव्या हॉटेलात ही तावदाने येतात कोठून? एक तर फिलिपिन्ससारख्या देशातून, जेथे या शिंपल्याचा मोठा व्यापार चालतो. नाही तर कोणाच्या तरी घराची खिडकी उचकटून. पहिल्या प्रकारात प्रेरणा जहाजातून येते, दुसऱ्यात पहारीने निघते.

सोप्याचीही हीच गत. बल्कांवात समोरासमोर बांधलेले सोपे म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामधला संवाद. जाणारा थांबतो, टेकतो, चार शब्द बोलतो. त्याला आत बोलावण्याचा संकोच नाही आणि दारातून परत धाडण्याचा अपराधही नाही. आमच्या हिंदू घरांचे तोंड आतल्या राजांगणाकडे, तर ख्रिस्ती घरांचे रस्त्याकडे. दोन्हींत बसावयाच्या जागेला सामाजिक अर्थ होता. पुस्तिकेतील बंगल्यात सोपे हुबेहूब आहेत. मात्र त्यांच्याभोवती काचेची भिंत आहे, आत गार हवेचे यंत्र आहे, आणि फाटकाशी पहारेकरी आहे.

परक्या कल्पना घरात आणू नयेत, असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग राजवाड्याचे काम एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराला दिले, तेव्हा दोघेही तिशीच्या आत होते. सामान बर्लिन-पॅरिसहून आले, आयलीन ग्रे आणि रूलमान यांच्या हातची आसने आली, पण ते सारे स्वतःच्या काळाची नवी निर्मिती म्हणून आले. त्यात ढोंग नव्हते. ते सामान १९८० साली मोनॅको येथे लिलावात गेले आणि वास्तूत आज केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे, ही हळहळ वेगळी. राजाने कारागिराकडून नवे घडवून घेतले. आमचे सजावटकार जुने उपटून आणतात आणि त्याला निर्मिती म्हणतात.

यावर एक उत्तर तयार असते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. आम्ही नेले नसते तर त्या दाराचे सरपण झाले असते, असे ते म्हणतात. गोव्यात वारशाचा वाटा सर्व मुलांना सारखा, मुलीलाही. हा कायदा न्याय्य आहे व आम्हांस त्याचा अभिमान आहे. पण एका घराला पंधरा धनी होतात, त्यांतले दहा परदेशी असतात, आणि कौले शाकारण्यास कोणी पुढे होत नाही. एक पावसाळा, दोन पावसाळे, मग आढे वाकते. अशा घरातील एखादा खांब कोणी विकत घेतला तर आम्ही त्याला चोर म्हणणार नाही. पण बाजार एकदा उभा राहिला की तो पडक्या घरांवर थांबत नाही. दाराला चांगला भाव येतो हे कळताच उभ्या घराची दारेही निघतात, आणि दारे गेलेले घर पुढच्या पावसाळ्यात पडकेच ठरते.

शिवाय तो पैसा कोणाकडे जातो? दलालाकडे, दुकानदाराकडे, सजावटकाराकडे. ज्या मेस्ताच्या आज्याने ते दार कोरले, तो मेस्त आज त्याच गावात प्लायवुडला सनमायका चिकटवीत बसला आहे. त्याला नवे दार कोरावयास सांगितले, साग घेऊन दिला, दोन महिने थांबण्याची तयारी दाखवली, तर तो कोरील. पण मग पुस्तिकेत 'जुने, अस्सल' असे लिहिता येणार नाही! जुन्या वस्तूची ही हाव जिवंत हाताला उपाशी ठेवते, हा आमचा खरा राग आहे.

प्रेरणा घेणे म्हणजे काय ते पणजीत कांपालला जाऊन पाहता येते. चार्ल्स कुरैया यांनी कला अकादमी उभारली, तेव्हा तिच्यात कोणाच्या घराचा खांब आणून बसवला नाही. रस्त्यावरून मांडवीच्या काठापर्यंत मोकळी, सावलीची वाट इमारतीच्या पोटातून काढली; तिकीट असो वा नसो, कोणीही यावे, कठड्यावर टेकावे. बल्कांवाची नक्कल तेथे शोधून सापडणार नाही. पण सोप्याने शतकभर जे काम केले तेच काम ती वाट करीत आली आहे.

सजावटकार मंडळींकडे आमचे एकच मागणे आहे. पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक चित्राखाली प्रेरणेचे वाक्य खुशाल छापा. त्याखाली एवढे अधिक छापा, की हे दार कोणत्या गावच्या घराचे, ते घर आज उभे आहे की नाही, घरधन्याला किती पैसे मिळाले, आणि या कामावर नवे लाकूड किती मेस्तांनी किती दिवस घडवले. ती पुस्तिका आमच्याकडे अवश्य धाडावी. तिचे परीक्षण आम्ही याच पानांवर, पदरचा कागद घालून छापू.