मुशीची नोंद नावानिशी हवी

भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलावाला लागलेल्या मुशींच्या ढिगात हात घालून पाहावे. वरवर सगळा माल एकाच जातीचा, हातभर लांबीचा. मधूनच एखादे आडव्या, चपट्या डोक्याचे पिल्लू निघते, ती कानमुशी. ती उताणी केली, की छातीच्या परांमध्ये नाळेची खूण कधीकधी अजून उघडी दिसते. म्हणजे पिल्लू नुकतेच जन्मलेले आणि जाळे पडले त्याच्या आसपासच विणीची जागा. संशोधकाला याहून मोलाची माहिती कुठली? नोंदवहीत मात्र ‘मुशी’ आणि पुढे किलो, एवढेच उतरते.

आपल्या किनाऱ्यावर सर्वाधिक सापडणारी लहान चणीची मुशी लवकर वयात येते आणि मासेमारीचा ताण बऱ्यापैकी सोसते. कानमुशीची मादी सुमारे दोन मीटरची झाल्याखेरीज वीत नाही. दोघींना एका रकान्यात कोंबले, की पहिलीच्या भरघोस आकड्यांआड दुसरीचा ऱ्हास बेमालूम दडतो.

परांच्या निर्यातीवर २०१५ मध्ये बंदी आली आणि प्रश्न सुटला असे अनेकांनी गृहीत धरले. संशोधक दिव्या कर्नाड आणि सहकाऱ्यांनी गुजरात-महाराष्ट्रातले मच्छीमार आणि व्यापारी यांच्याशी बोलून २०२० मध्ये वेगळेच चित्र मांडले : मागणी देशातल्या ताटातली आहे, तीही लहान मुशीला. आमच्या मते बंदीपेक्षा हा निष्कर्ष अधिक कामाचा आहे, कारण त्यावर स्थानिक बाजारातच काही करता येते.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या पनामातल्या परिषदेने २०२२ मध्ये मुशीचे अख्खे कार्करिनिडी कुळ परिशिष्ट २ मध्ये घातले. नोव्हेंबर २०२३ पासून ते लागू आहे. आता निर्यातीआधी त्या जातीला धोका नसल्याचा शास्त्रीय निर्वाळा लागतो. तो बंदरावरच्या नोंदींतूनच द्यायचा आहे. जातच लिहिलेली नसेल, तर निर्वाळा हवेतून येणार का?

जातीनिहाय नोंदीचे आणखी एक साधन हाताशी आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. पुरावा म्हणून येणारी छायाचित्रे भरपाईनंतर फायलीत न गाडता अभ्यासकांना द्यावीत.

राहिला प्रश्न नोंद करणाऱ्या माणसांचा. दुर्गच्या कामधेनू विद्यापीठासारख्या, समुद्रापासून दूरच्या संस्थांतूनही मत्स्यविज्ञानाचे पदवीधर तयार होतात. त्यांना एक हंगाम बंदरावर पाठवा. आणि बंदरावर आधीच असलेल्या वाचकांनी या महिन्यापासून जात, लांबी, नर-मादी आणि नाळेची खूण असे चार रकाने वाढवावेत.